यकृत ‘कडक’ होते म्हणजे नेमके काय होते?

पत्र (संक्षेपाने): माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. खाणी जोरात असताना ते बार्जवर कामाला होते, आता डिचोलीत लहानसे दुकान चालवतात. रात्री जेवणाआधी एक क्वार्टर घ्यायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय आहे. गेल्या महिन्यात एका आरोग्य शिबिरात त्यांची ‘फायब्रोस्कॅन’ तपासणी झाली आणि अहवालावर ११.८ किलोपास्कल असा आकडा आला. रक्तात एसजीओटी १२८ निघाले. ‘लिव्हर कडक होत आहे, दारू सोडा’ एवढेच तिथे सांगण्यात आले. मागे रांग मोठी होती. तपासणी दुपारी बाराला झाली आणि तासाभरापूर्वीच त्यांनी पाव-भाजी खाल्ली होती. सासूबाई म्हणतात, वास्कोला असताना दोनदा मलेरिया होऊन पानथरी वाढली होती, त्याचेच हे फळ. शेजारच्या वहिनी म्हणतात, कडक म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर. यजमान म्हणतात, कुठे दुखत नाही तर आजार कसला. फेणी सोडीन, पण हुर्राक म्हणजे काजूचा रसच, तो हंगामात चालेल. यकृतासारखी मऊ वस्तू कडक होते कशी, आणि पुन्हा मऊ होते का? – एक वाचक भगिनी, डिचोली

ताई,

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाची ओळ पाव-भाजीची आहे, आणि ती आपण आवर्जून लिहिलीत याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे येणारा रक्ताचा ओघ वाढतो. यकृत एका घट्ट पातळ आवरणात बांधलेले असल्यामुळे ते काही काळ तणावते आणि यंत्राला नेहमीपेक्षा ताठ लागते. म्हणूनच ही तपासणी किमान तीन तास उपाशी राहून करायची असते. दुसरी गोष्ट एसजीओटीची, म्हणजे यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाची. हा आकडा शंभराच्या वर असतो तेव्हा यकृताला त्या घडीला सूज असण्याचा संभव असतो, आणि सूजही ताठरपणा वाढवते. तेव्हा ११.८ मधला काही भाग न्याहारीचा आणि काही भाग आदल्या रात्रीच्या क्वार्टरचा असू शकेल. अर्थात, तो आकडा खोटा ठरवून कागद कपाटात टाकावा असा याचा अर्थ नव्हे. जगभरचे यकृततज्ज्ञ सर्वसाधारणपणे असे मानतात की इतर कोणतेही लक्षण नसताना १० किलोपास्कलच्या खाली दीर्घकाळच्या गंभीर यकृतविकाराची शक्यता फारशी राहत नाही, १५ च्या वर ती दाट होते, आणि १० ते १५ च्या दरम्यान अधिक तपास करावा लागतो. आपले यजमान या मधल्या पट्ट्यात आहेत.

आता हा किलोपास्कल म्हणजे काय ते पाहू, कारण शिबिरात तो कोणी समजावला नाही, आणि रांग मोठी असताना तो समजावता येतही नाही. यकृताचा एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा चौकोनी तुकडा टेबलावर ठेवला आहे अशी कल्पना करा. निरोगी यकृताचा ताठरपणा पाचच्या आसपास असतो. अशा तुकड्यावर साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेचे वजन ठेवले, तर त्याची उंची एक दशांशाने दबते. ११.८ च्या तुकड्याला तेवढेच दाबायला जवळजवळ १२ ग्रॅम लागतील. एवढाच फरक आहे. हाताला तो जाणवलाही नसता. पण यंत्र हाताने दाबत नाही, ते टिचकी मारते. आपल्याकडे फणस पिकला की नाही हे ठोठावून पाहतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. उजव्या बरगड्यांच्या फटीत टेकवलेली दांडी त्वचेला एक हलका धक्का देते, त्या धक्क्याची लहर यकृतातून आत जाते आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने तिचा वेग मोजला जातो. मऊ वस्तूत लहर रेंगाळते, ताठ वस्तूत धावते: ५ किलोपास्कलच्या यकृतात ती सेकंदाला सुमारे १.३ मीटर जाते, ११.८ च्या यकृतात सुमारे २ मीटर. निदान दहा टिचक्या मारून त्यांतला मधला आकडा अहवालावर छापतात. शरीरावर बोट ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत १७६१ साली पुस्तकरूपाने मांडणारा व्हिएन्नाचा वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपात दारू कुठवर आहे हे त्यावर ठोकून पाहताना त्याने वडिलांना पाहिले होते असे सांगतात. दारूच्या पिंपापासून दारूने बिघडलेल्या यकृतापर्यंत ही टिचकी पोहोचली, हा योगायोग मला नेहमीच थोडा कडवट वाटत आला आहे.

वैद्यकीय शिक्षण घेत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर मी पहिल्यांदा सिरॉसिसचे, म्हणजे व्रणांनी भरून गेलेले, यकृत कापले, त्या वेळची आठवण हाताला अजून आहे. निरोगी यकृतातून सुरी सहज उतरते आणि कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत व ओलसर दिसतो. त्या यकृताला मात्र सुरीवर भार द्यावा लागला, आणि आत वाटाण्याएवढ्या पिवळसर गुठळ्यांभोवती पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे विणलेले होते. ताठरपणा त्या जाळ्याचा असतो. यकृताचे काम करणाऱ्या मूळ पेशी स्वतः दगडासारख्या होत नाहीत. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्याच एका जातीच्या पेशी हे दोरे विणतात.

त्या शेजारणींची ओळख करून घेण्यासारखी आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुपफर याने १८७६ साली त्या पाहिल्या आणि आकारावरून त्यांना तारकापेशी म्हटले. रक्तवाहिनीची भिंत आणि यकृतपेशी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत त्या बसलेल्या असतात, आणि शरीरातील अ जीवनसत्त्वाचा बराचसा साठा सांभाळणे हे त्यांचे शांततेच्या काळातले काम असते. दारू, विषाणू किंवा चरबी यांमुळे यकृतपेशींना इजा होत राहिली की तारकापेशी जागृत होतात, साठवलेले जीवनसत्त्व सोडून देतात, आकुंचन पावू शकणारे तंतू स्वतःत तयार करतात आणि बाहेर कोलॅजेनचे दोरे सोडू लागतात. जखम भरण्यासाठी ही योजना चांगलीच आहे. हाताला कोयता लागला तर व्रण असाच बनतो. अडचण एवढीच की रोज रात्री नवी जखम होत असेल, तर व्रण बनवण्याचे काम कधी थांबतच नाही.

इथवरची गोष्ट जुनी आहे आणि ती बहुतेक डॉक्टर आपल्याला सांगतील. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे नव्याने कळले, ते असे की ताठरपणा हा आजाराचा केवळ माग नव्हे. तो आजाराला पुढे ढकलणाऱ्या कारणांपैकी एक आहे, कारण पेशींना आपल्या पायाखालची जमीन मऊ आहे की कठीण हे कळते. पेशीला डोळे नाहीत, मग हे कळते कसे? बार्जवर काम केलेल्या आपल्या यजमानांना हे उत्तर माझ्यापेक्षा लवकर समजेल. नांगर गाळात रुतला आहे की खडकाला अडकला आहे हे पाण्यात न उतरता दोर ओढून कळते: दोर ओढताच सैल येत गेला तर गाळ, ताठ राहिला तर खडक. पेशीही आपल्या पृष्ठभागावरचे हुकांसारखे आकडे भोवतालच्या तंतूंमध्ये अडकवून आतल्या दोऱ्यांनी सतत ओढत असते, आणि ओढीला किती प्रतिकार होतो त्यावरून आपली वागणूक ठरवते. २००६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेने हे फार सुंदर रीतीने दाखवले. अस्थिमज्जेतून घेतलेल्या एकाच प्रकारच्या मूळपेशी त्यांनी वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलीवर वाढवल्या, तेव्हा मेंदूइतक्या मऊ जेलीवरच्या पेशी चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या ताठ जेलीवरच्या स्नायूंसारख्या आणि त्याहून कठीण जेलीवरच्या हाडाच्या पेशींसारख्या. त्यांना दिलेले खाद्य एकच होते. बदलली होती ती फक्त खालची जमीन.

हेच तारकापेशींना लावून पाहा. मऊ जेलीवर ठेवल्या तर त्या पुष्कळशा शांत राहतात. काचेसारख्या किंवा प्लॅस्टिकसारख्या कठीण तळावर ठेवल्या की आपोआप जागृत होऊन दोरे विणू लागतात. म्हणजे दोऱ्यांनी यकृत ताठ झाले की तो ताठरपणा जाणवून आणखी तारकापेशी जागृत होतात, त्या आणखी दोरे विणतात, आणि चक्र फिरत राहते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अभ्यासात तर यकृतातील व्रणाचे जाळे नीट दिसू लागण्याआधीच ताठरपणा वाढलेला आढळला. म्हणून ‘कुठे दुखत नाही’ या यजमानांच्या युक्तिवादाला मी महत्त्व देणार नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाहीत, बाहेरचे आवरण ताणले गेले तरच दुखते. आणि हे चक्र फिरू लागते ते दुखण्याच्या पुष्कळ आधी.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. मलेरियाचा दोष इथे नाही, पण त्यांनी पानथरीचे, म्हणजे प्लीहेचे, नाव काढले हे बरे झाले, कारण पेशींचा ताठरपणा म्हणजेच आजार अशी उदाहरणे पाहायची तर प्लीहेइतकी चांगली जागा नाही. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉन रुंदीची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून घडी घालून असंख्य वेळा जावे लागते, आणि सर्वांत कठीण परीक्षा प्लीहेत होते, जिथल्या फटी मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी रुंद असतात. लवचिक पेशी चपटी होऊन त्यांतून निसटते; म्हातारी, ताठर पेशी अडकते आणि तिथेच मोडीत निघते. फाल्सिपेरम जातीचा हिवतापाचा परजीवी ज्या पेशीत शिरतो तिला तो ताठ आणि चिकट करतो. अशा पेशी मेंदूच्या किंवा मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून तो प्रकार जिवावर बेततो. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी याच्या उलट करतो, पेशीला अधिक लवचिक बनवतो. गोव्यातला हिवताप बहुतांशी व्हायव्हॅक्सचा राहिला आहे, आणि यजमानांना दोनदा झालेला बहुधा तोच असावा. तो यकृतात काही काळ सुप्त राहून पुन्हा उलटू शकतो, यामुळे सासूबाईंचा समज झाला असेल; पण सुप्त राहिला तरी तो यकृतात व्रणाचे दोरे विणवत नाही. वाढलेली पानथरी हिवताप बरा झाल्यावर सहसा पूर्वपदावर येते. आता पुन्हा ती वाढलेली आढळली तर मात्र जुना मलेरिया म्हणून सोडून देऊ नका: ताठर यकृतातून रक्त सुरळीत पुढे न गेल्यामुळे मागे तुंबून प्लीहा वाढते, आणि तो निराळा व अधिक गंभीर प्रकार आहे.

सिकलसेल या आजाराचेही मूळ असेच आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो. प्राणवायू सोडला की तसे हिमोग्लोबिन काड्यांसारखे एकमेकांना जुळते आणि सगळी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होऊन वाहिनीत अडकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे कुणी आप्त असतील तर त्यांना हा आजार माहीत असेल.

वहिनींचे म्हणणे मात्र सविस्तर खोडले पाहिजे, कारण ‘कडक म्हणजे कॅन्सर’ ही भीती घराघरांत आहे आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. स्तनातील कर्करोगाची गाठ हाताला कठीण लागते हे खरे. आमच्या पाठ्यपुस्तकात ती कापताना कच्च्या नासपतीसारखी करकरते असे लिहिलेले होते. नासपती मी तोवर पाहिलेली नसल्यामुळे मनातल्या मनात तिचा अर्धकच्चा पेरू करून घेतला होता, आणि प्रत्यक्ष गाठ कापल्यावर ती अदलाबदल बरोबर निघाली. पण तो कठीणपणाही पुष्कळसा भोवती विणलेल्या कोलॅजेनचाच असतो. स्वतः कर्करोगाच्या पेशी बहुधा मऊ असतात! २००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या छातीत साठलेल्या पाण्यातील जिवंत पेशी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या, तेव्हा निरोगी पेशींचा ताठरपणा सुमारे २ किलोपास्कल भरला आणि पसरलेल्या कर्करोगाच्या पेशींचा जेमतेम अर्धा किलोपास्कल. त्या दिसायला एकमेकींसारख्या होत्या, स्पर्शाने वेगळ्या निघाल्या. मूळ गाठीतून सुटून, दाट तंतूंच्या जाळ्यातून आणि वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून निघायचे असेल तर मऊपणा उपयोगाचा पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात नवल वाटत नाही. पेशी दाबून कर्करोग ओळखण्याची ही रीत अजून रोजच्या रुग्णालयीन तपासणीत आलेली नाही, तेव्हा ती कुठे मिळेल याचा शोध घेऊ नका.

यजमानांच्या अहवालातला ताठरपणा हा उजव्या बरगड्यांमागच्या यकृताच्या भागाचा आहे. कुठल्या गाठीचा नव्हे. वहिनींच्या म्हणण्यातील खरा अंश एवढाच की यकृत सिरॉसिसपर्यंत पोहोचले तर पुढे त्यात कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. यजमान तिथवर पोहोचले आहेत असे या एका आकड्यावरून म्हणता येत नाही.

आता आपला शेवटचा आणि खरा प्रश्न. यकृत पुन्हा मऊ होते का? होते, आणि ही गोष्ट माझ्या विद्यार्थिदशेत आम्हाला कोणी शिकवली नव्हती. तेव्हा व्रण म्हणजे कायमचा, असेच समजत. इजा थांबली की तारकापेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात, आणि कोलॅजेनचे दोरे विरघळवणारी शरीराची यंत्रणा मोकळी होते. दारू पूर्ण बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आकडा उतरलेला पुष्कळदा दिसतो, तो मुख्यतः सूज ओसरल्यामुळे. दोरे कमी व्हायला महिने आणि वर्षे लागतात. जुने दोरे मात्र एकमेकांना रासायनिक गाठींनी बांधले गेलेले असतात आणि ते हट्टी असतात, म्हणून उशीर केला तर परतण्याची वाट अरुंद होत जाते. १०-१५ च्या पट्ट्यात असलेल्या माणसाला ही वाट अजून रुंद असण्याची बरीच शक्यता आहे.

हुर्राकाबद्दल मी स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे यावरून घराघरांत तडजोडी होतात. हुर्राक हा काजूच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाचा अर्क आहे. फेणीपेक्षा सौम्य, पण त्यामुळेच लिंबू-सोडा आणि चिरलेली मिरची घालून तो ग्लास भरून प्यायला जातो. यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही, ते मद्यार्काचे ग्रॅम मोजते. रोजच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो; तो फेणीतून गेला, व्हिस्कीतून गेला की हंगामाच्या हुर्राकातून गेला, याने तारकापेशींना काही फरक पडत नाही. अर्धी क्वार्टर, शनिवार-रविवार, फक्त फेस्ताला, असले करार या घडीला करू नयेत.

पण एक सावधगिरी अगदी मनावर घ्या. वीस वर्षे रोज घेणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणे, घाम, भ्रम, क्वचित फिट येणे असे त्रास होतात आणि ते धोकादायक ठरू शकतात. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना गाठा. त्यासाठी औषधे आहेत. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा आपल्या भरवशाच्या पोटविकारतज्ज्ञाकडे जाताना शिबिराचा कागद सोबत न्या आणि जेवणाची वेळ त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. कावीळ ब आणि क या विषाणूंची तपासणी, रक्तातील साखर, अल्ब्युमिन, प्लेटलेटची संख्या आणि सोनोग्राफी एवढे होऊ द्या. प्लेटलेट दीड लाखांहून अधिक असतील आणि ताठरपणा २० च्या खाली असेल, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बीण घालण्याची सहसा गरज पडत नाही, ही माहिती यजमानांना धीर देईल. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवावे, कारण चरबीचे यकृत आणि दारूचे यकृत एकाच माणसात सुखेनैव नांदतात. ‘लिव्हर साफ करणारी’ म्हणून मिळणारी चूर्णे आणि काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. त्यांतली काही स्वतःच यकृताला इजा करतात.

फायब्रोस्कॅन पुन्हा करायचा तो दारू सोडून किमान दोन आठवडे झाल्यावर आणि एसजीओटी उतरल्यावर, डॉक्टर सांगतील त्या दिवशी. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आदल्या रात्री हलके जेवण, सकाळी तपासणी होईपर्यंत चहासुद्धा नको. पाव-भाजी बाहेर आल्यावर खुशाल खावी.